गाळण्याच्या फडक्यातली गाय

दर दहा दिवसांनी गावच्या दूध संस्थेत दुधाचं बिल होतं. उन्हाळा तोंडावर असताना आमच्या एका बिलात म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागला. रक्कम फार नव्हती. पण बिल घेताना चारचौघांसमोर आप्पांना, माझ्या वडिलांना, विचारलं गेलं, "घरात एचएफ हाय न्हवं तुमच्या? त्यातलंच इकडं पडतंय काय?" एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी जातीची गाय. तीस वर्षं त्याच संस्थेत दूध घालणारा माणूस. ते काही बोलले नाहीत. घरी आले, बिल फडताळात ठेवलं आणि वैरण टाकायला गेले. रात्री जेवले नाहीत, हे मला आईनं फोनवर सांगितलं.

मी तेव्हा पुण्यात बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.ला होते आणि प्रोजेक्टला विषय शोधत होते. दुसऱ्याच दिवशी मॅडमना जाऊन विचारलं, म्हशीच्या दुधात गाईचं दूध आहे की नाही हे डीएनएवरून सांगता येतं का? मॅडम म्हणाल्या, "येतं. पण घरचं दूध तपासणार असशील तर जे येईल ते वहीत लिहावं लागेल. आवडलं नाही तरी." मी हो म्हटलं.

आमचं गाव कागल तालुक्यात. दावणीला एक पंढरपुरी म्हैस, खांद्यापलीकडे तलवारीसारखी शिंगं गेलेली, एक मुऱ्हा, आणि एक एचएफ गाय. म्हशीचं आणि गाईचं दूध वेगवेगळ्या किटलीतून संस्थेत जातं. तिथं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, लागते, त्यावर दर. त्या दहा दिवसांत म्हशीच्या दुधाची फॅट बऱ्याच वेळा सहाच्या खाली लागली होती. संशय तेवढ्यावरून आला.

संशय घेणाऱ्याचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. असं मिसळणं चालतं, आणि ते का चालतं हे हिशेब मांडला की कळतं. म्हशीच्या दुधाला ७.५ फॅट असेल आणि गाईच्या दुधाला ३.५, तर चार लिटर म्हशीच्या दुधात एक लिटर गाईचं घातल्यावर फॅट भरते ६.७. सहाच्या वर. एसएनएफही नऊच्या आसपास राहते. यंत्राला चूक दिसत नाही आणि तो एक लिटर म्हशीच्या दरानं जातो. म्हणजे जो मोजून मापून मिसळतो त्याची फॅट चांगलीच लागते. आमची कमी लागली होती. कमी फॅट हा मिसळल्याचा पुरावा नाही आणि चांगली फॅट हा न मिसळल्याचा पुरावा नाही. फॅटचं यंत्र दूध कुणाचं आहे ते बघतच नाही.

जुनी माणसं रंगावरून सांगायची. गाईच्या दुधात कॅरोटीन उतरतं म्हणून ते पिवळसर. म्हैस ते कॅरोटीन अंगातच अ जीवनसत्त्वात बदलून टाकते म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. पण पाचात एक मिसळलं तर डोळ्यांना पत्ता लागत नाही. मग आपल्याकडे हंसा टेस्ट आली. दूध आणि पाणी वेगळं करणाऱ्या हंसाचं नाव तिला दिलं ते मला फार आवडतं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांविरुद्ध सशाच्या रक्तात तयार झालेलं सीरम घ्यायचं, काचपट्टीवर त्याचा एक थेंब, त्यात पातळ केलेल्या दुधाचा एक थेंब. गाईचं दूध असेल तर अर्ध्या मिनिटात बारीक गुठळ्या दिसतात. गावच्या संस्थेत, विजेशिवाय करता येईल अशी ही परीक्षा. डीएनएचं काम तिच्या पुढचं: किती बारीक अंश पकडता येतो, आणि दूध तापवलं, विरजलं, नासवून पनीर केलं तरी पकडता येतो का.

दुधात डीएनए कुठून येतो, हा प्रश्न मला घरी सगळ्यांनी विचारला. कासेतल्या पेशी दुधाबरोबर वाहत येतात. काही आतल्या अस्तराच्या, पुष्कळशा पांढऱ्या रक्तपेशी. निरोगी गाईच्या एका मिलिलिटर दुधातही त्या हजारोंनी, अगदी लाखापर्यंत असतात. प्रत्येक पेशीत केंद्रकातल्या डीएनएचा एक संच, आणि मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतल्या, डीएनएच्या शेकडो प्रती. म्हणून शोध मायटोकॉन्ड्रियात घ्यायचा. गाय आणि म्हैस दिसायला शेजारणी असल्या तरी जात पार वेगळी: गाईची गुणसूत्रं ६०, आपल्याकडच्या नदीकाठच्या म्हशीची ५०. त्यांचा संकर होत नाही. मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बी या जनुकात दोघींची अक्षरं पुष्कळ ठिकाणी वेगळी आहेत. गाईच्याच अक्षरांना चिकटेल असा प्रायमर, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, घेतला, की म्हशीच्या डीएनएत तो चिकटत नाही. आम्ही तुकडा मुद्दाम आखूड निवडला, दोनशे अक्षरांपेक्षा कमी, कारण तापवलेल्या दुधात डीएनएचे तुकडे पडलेले असतात. लांब तुकडा शोधायला गेलं तर तो अखंड सापडतच नाही.

पहिले दोन आठवडे नुसता डीएनए बाहेर काढण्यात गेले. दूध सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर सायीचा थर, तळाला पेशींचा ठिपका आणि मधे केसिन, दुधातलं मुख्य प्रथिन. प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं, ईडीटीए घाला. मी घातलं आणि ट्यूब हलवली. पांढरं दूध माझ्या हातात हळूहळू निवळत गेलं. पेजेच्या पाण्यासारखं झालं, पलीकडची बोटं दिसायला लागली. केसिनचे गोळे कॅल्शियमनं बांधलेले असतात, ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि गोळे सुटतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण जन्मभर ज्याच्यावर घर चाललं ते दूध असं डोळ्यांदेखत निवळताना मी पहिल्यांदा बघत होते. बराच वेळ ट्यूब उजेडात धरून उभी राहिले.

पुढचं काम नेहमीचं. एसडीएसनं पेशी फोडायच्या, प्रोटीनेज के घालून ५६ अंशांवर ठेवायचं, प्रथिनं बाजूला काढायची, गार अल्कोहोलमध्ये डीएनए खाली बसवायचा, सत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलनं धुवायचा. यातली एक पायरी आळसानं केली की पुढं पीसीआर, म्हणजे हव्या त्या डीएनए तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी क्रिया, मुकी. कॅल्शियम, चरबी, प्रथिनं यातलं काहीही उरलं तर पॉलिमरेज एन्झाइमला काम करू देत नाही. माझ्या पहिल्या तीन खेपा अशाच गेल्या. म्हशीचे प्रायमर वापरूनही म्हशीचाच बँड, म्हणजे जेलच्या पातळ वडीवर उमटणारा डीएनएचा पट्टा, येईना. हे बघणं महत्त्वाचं असतं. म्हशीच्या दुधात म्हशीचा बँड आला नाही, तर गाईचा न येण्याला काही अर्थ नाही. परीक्षाच झालेली नाही.

मॅडमनी सुचवलं, पीसीआरच्या मिश्रणात थोडं बीएसए घाल. ते अडथळा आणणारे पदार्थ स्वतःकडे ओढून घेतं. घातलं आणि बँड आले, अगदी स्वच्छ. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

मग मी मापनाची उतरंड केली. पंढरपुरी म्हशीचं स्वतः काढून आणलेलं दूध, त्यात गाईचं दहा टक्के, पाच, एक, अर्धा, एक दशांश टक्का. आणि त्याच वेळी घरून आलेला नमुना लावला. चुलतभावानं थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून एसटीनं आणला होता. संस्थेत जातं तेच दूध, किटलीतलं.

जेल यूव्हीच्या उजेडावर ठेवलं. घरच्या दुधात गाईचा बँड होता.

मी खुर्चीवर बसले. आप्पा मिसळत असतील असं एका क्षणासाठी माझ्या मनात आलं. हे लिहिताना अजून त्रास होतो, पण आलं होतं. मग मॅडमनी मागून जेलकडे बघितलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. निगेटिव्ह कंट्रोल. त्यात दूधच नव्हतं, नुसतं पाणी होतं. आणि त्यातही गाईचा बँड होता, पुसट, पण होता. मी तो बघितलाच नव्हता. घरच्या रकान्यावरून माझे डोळे हललेच नव्हते.

पीसीआरची ताकद तोच तिचा धोका. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात; तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींवर होतात. पिपेटच्या टोकात अडकलेला एखादा कणसुद्धा रकाना उजळवतो. पुढचे दहा-बारा दिवस मी गाय शोधत होते. पिपेट सोडवून धुतले, टेबल ब्लीचनं पुसलं, पाणी बदललं, प्रायमरच्या नव्या ट्यूब उघडल्या, दूध उघडायची खोली वेगळी आणि पीसीआर लावायची वेगळी केली. चहाचे कप त्या मजल्यावर बंद केले. बँड जाईना. शेवटी एकेक घटक वगळत गेले आणि बीएसए वगळल्यावर बँड गेला.

बीएसए म्हणजे बोवाईन सीरम अल्ब्युमिन. गाईगुरांच्या रक्तातून काढलेलं प्रथिन. नावातच बोवाईन आहे, आणि दोन महिने मी ती बाटली हाताळत होते. प्रथिन शुद्ध असलं तरी त्याबरोबर गुरांच्या डीएनएचा अंश येऊ शकतो. इतर कुठल्याही प्रयोगात त्यानं बिघडत नाही. गाय शोधायच्या प्रयोगात तोच घात करतो. मी बीएसए सोडून दिलं आणि डीएनए धुण्याची पायरी दोनदा करायला लागले. बँड येत राहिले, कंट्रोल कोरा राहिला.

मग पुन्हा घरचा नमुना. गाईचा बँड अजूनही होता. आता मात्र खूप फिका. प्रती होतानाच त्या मोजणाऱ्या रिअल-टाइम यंत्रावर उतरंडीशी ताडून बघितला तर अर्धा टक्का आणि एक दशांश टक्का यांच्या मधे.

इतकं कमी कोण मिसळेल? दहा लिटरमागे वीस-तीस मिलिलिटर. एवढ्यात कुणाचा काही फायदा नाही. पण कागदावर लिहायचं झालं तर "गाईचं दूध आढळलं" असंच लिहावं लागणार. शनिवारी मी गावाकडे निघाले.

पहाटे गोठ्यात कोपऱ्यात उभी राहून बघत होते. आईनं आधी गाईची धार काढली, कारण गाय लवकर हंबरते. बादलीतलं दूध फडक्यातून गाळून गाईच्या किटलीत ओतलं. बादली हिसळली. फडकं पिळलं. मग म्हशीखाली बसली, तीच बादली. गाळलं, तेच फडकं.

मी आईला काही बोलले नाही, आधी नमुने घेतले. एक म्हशीच्या सडातून सरळ ट्यूबमध्ये. एक बादलीतून. एक फडक्यातून गाळल्यावर. आप्पांनी स्वतः सड कोमट पाण्यानं पुसून पहिल्या दोन-तीन धारा बाहेर सोडल्या आणि मग ट्यूब भरून दिली. म्हणाले, "झाकण घट्ट लाव. वाटंत सांडंल." ते विचारत नव्हते मला काय सापडलंय. मीही सांगितलं नव्हतं.

सडातल्या ट्यूबमध्ये गाय नव्हती. बादलीतल्या दुधात जेमतेम. फडक्यानंतरच्या दुधात किटलीइतकीच. मी तीनदा लावलं, तीनदा तसंच. सुती फडकं किती दूध धरून ठेवतं ते नंतर मोजून बघितलं: पिळल्यावरसुद्धा वजनात दहा-पंधरा ग्रॅमचा फरक राहत होता.

फोनवर आईला हे सांगितलं तर ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळं झालं व्हय?" तिला समजावायला मला वेळ लागला की कुणामुळंच काही झालेलं नाही, एवढ्यानं फॅट पडत नाही, एवढ्यानं दर बदलत नाही. ही परीक्षाच इतकी बारीक आहे की तिला फडकंसुद्धा दिसतं.

म्हणून मला वाटतं की या परीक्षेला आधी रेघ आखून घ्यावी लागते. युरोपात म्हशीच्या, शेळीच्या आणि मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये गाईचं दूध शोधण्याची अधिकृत पद्धत आहे. इटलीतल्या कंपानियाच्या म्हशीच्या मोझरेल्लामुळं हा विषय तिकडं फार जिव्हाळ्याचा. ती पद्धत डीएनएची नाही, केसिनची आहे, पण तिच्यात एक शहाणपण आहे: नमुना एक टक्का गाईचं दूध घातलेल्या प्रमाणित नमुन्याशेजारी लावायचा, आणि त्याच्याइतका किंवा त्याहून गडद दिसला तरच "आहे" म्हणायचं. एक टक्क्याखालचं सोडून द्यायचं. आपल्याकडे तर एकाच गोठ्यात गाय आणि म्हैस, एकच बादली, एकाच टेंपोत दोन्हीचे कॅन. अशी रेघ न आखता कुणी डीएनएचं यंत्र संस्थेत आणून ठेवलं तर प्रामाणिक माणसंच जास्त सापडतील.

रेघ आखली तरी ती पाळणं सोपं नाही, हे मला आमच्या गाईनंच शिकवलं. मधल्या काळात तिच्या एका सडाला दगडी, म्हणजे कासदाह, झाली. दूध फाटल्यासारखं, सड तापलेला. मी ते दूधही घेऊन आले आणि म्हशीच्या दुधात बरोबर एक टक्का मिसळलं. यंत्रानं सांगितलं ते एक टक्क्याच्या कितीतरी पट होतं. कारण उघड आहे. दगडीत पांढऱ्या पेशी कासेत धावून येतात, मिलिलिटरला लाखाच्या आतून कित्येक लाखांवर जातात, आणि डीएनए पेशींत असतो. यंत्र पेशींचा डीएनए मोजतं, दुधाचे लिटर मोजत नाही. आजारी गाईचं चमचाभर दूध निरोगी गाईच्या वाटीभर दुधाएवढं भासतं. गाय आहे की नाही हे डीएनए ठामपणे सांगतो. किती आहे हे सांगताना तो चाचरतो. अहवालात टक्क्यांचा आकडा छापलेला बघितला की मी आता आधी विचारते, कशावरून काढला.

प्रोजेक्टच्या शेवटी बाजारातले थोडे नमुने केले. फुल क्रीम दुधाच्या पिशवीत दोन्ही बँड आले, आणि त्यात काहीही गैर नाही. फुल क्रीम म्हणजे सहा टक्के फॅट आणि नऊ एसएनएफ. दूध कुणाचं हे त्या शब्दात कुठं सांगितलेलं नाही. लोक मात्र ती पिशवी म्हशीचं दूध म्हणून घेतात. एकत्र दूध विकणं गुन्हा नाही, एक सांगून दुसरं देणं हा आहे.

शेळीच्या दुधाचा नमुना मैत्रिणीच्या शेजाऱ्यांनी दिला. त्यांच्या मुलाला डेंगी झाला होता. प्लेटलेट वाढतात या समजुतीनं पावसाळ्यात शेळीचं दूध लोक मागतील त्या दरानं घेतात. त्याला वैद्यकीय आधार नाही, पण तापानं फणफणलेल्या पोराच्या आईला ते कोण सांगणार. त्या बाटलीत शेळी होती आणि गाय भरपूर होती, फडक्यातली नव्हे. दहा टक्क्यांच्या नमुन्यापेक्षा गडद. मला सगळ्यात जास्त राग आला तो या नमुन्याचा. अडलेल्या माणसाला असं लुबाडलेलं मला अजूनही सहन होत नाही.

पनीरमधून डीएनए चांगला निघाला, दह्यातून निघाला पण त्यात विरजणाच्या जिवाणूंचाच डीएनए रगड. तूप मात्र जवळजवळ हरवतं. पेशी लोण्याबरोबर आलेल्या असतात, कढवताना बेरीत जातात. माझ्या हाती कधी पुसट बँड लागला, कधी काहीच नाही. काही न सापडणं म्हणजे शुद्ध, असा अर्थ तुपाच्या बाबतीत तरी काढू नये.

आणि देशी गाईचं ए-टू दूध. हे मला घरी दारी सगळे विचारतात: ते खरं देशी गाईचं आहे का, सांग. माझ्या पद्धतीनं सांगता येत नाही, आणि त्याचं कारण मजेशीर नाही, अवघड आहे. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात. आपल्याकडे संकरित गाई झाल्या त्या गावठी गाईला एचएफ किंवा जर्सी वळूचं रेतन करून. म्हणजे बाप परदेशी, आजोबा परदेशी, तरी मायटोकॉन्ड्रिया त्या मूळच्या गावठी आजीचे. आमची काळी-पांढरी एचएफ माझ्या जेलवर बहुधा खिलारीच दिसेल. ए-टू बघायचं तर केंद्रकातलं बीटा-केसिनचं जनुक वाचावं लागतं. ६७ व्या जागी प्रोलिन असेल तर ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन. त्यातही म्हैस ए-टूच असते. देशी गाईच्या बाटलीत म्हशीचं दूध घातलं तर ए-टूची परीक्षा आनंदानं पास होईल. म्हणून दोन्ही परीक्षा जोडीनं कराव्या लागतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ए-वन, ए-टूचे दावे वेष्टनावरून काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत ते मागे घेतलं. त्या आठवड्यात मला गावाकडून किती फोन आले ते सांगत नाही.

पाणी, युरिया, साबण, स्टार्च यातलं काहीही डीएनएला दिसत नाही, हेही प्रत्येकाला सांगावं लागतं. अर्धं पाणी घातलेलं म्हशीचं दूध माझ्या जेलवर शंभर नंबरी म्हैस असतं. दुधातली खरी भीती कुठं आहे याबद्दलही माझं मत या कामात बदललं. एफएसएसएआयच्या २०१८ च्या देशव्यापी सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ सापडली ती १२ नमुन्यांत. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष मर्यादेबाहेर सापडलं ते ५.७ टक्क्यांत. बुरशी लागलेली पेंड आणि वैरण दुधात उतरते, आणि त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. आम्ही त्यानंतर सरकी पेंडीची पोती भिंतीपासून लांब, लाकडी फळीवर ठेवायला लागलो.

एक गोष्ट कायद्याच्या बाजूची. दुधाचा अधिकृत नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मॅलिन घालायची पद्धत आहे. फॉर्मॅलिननं डीएनए आणि प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि पीसीआर अडखळते. मी करून बघितलं. ताज्या दुधाचे स्वच्छ बँड फॉर्मॅलिन घालून पंधरा दिवस ठेवल्यावर मावळले. डीएनएची परीक्षा उद्या सरकारी तपासणीत आणायची तर नमुना गोठवून ठेवायची सोय तालुक्याच्या ठिकाणी हवी. यंत्रापेक्षा ती सोय आधी लागेल.

फॅट का पडली होती, हे मला प्रयोगशाळेत कळलं नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा आज्जी उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मुऱ्हा व्याली ती त्या टायमाला. शेवटचं समदं दूध रेडकाला सोडत हुता तुझा बा. मग फॅट कुठली लागतीया?" धारेचं पहिलं दूध पातळ असतं आणि शेवटचं दाट, फॅटमध्ये कित्येक पटींचा फरक. रेडकू अशक्त होतं म्हणून आप्पा शेवटच्या धारा त्याला सोडत होते. किटलीत जात होतं ते सुरुवातीचं पातळ दूध. आप्पांना हे माहीत होतं. संस्थेत त्यांनी सांगितलं का नाही, विचारलं, तर म्हणाले, "त्यांनी फॅटचं इचारलंच न्हाय की. त्यांनी मिसळतोस का म्हणून इचारलं."

मी जेलचा फोटो छापून घेऊन संस्थेत गेले. सेक्रेटरींनी चष्मा लावून नीट बघितला. मी रकाने समजावले: हा म्हशीचा, हा एक टक्क्याचा, हा कोरा, हा आमच्या सडातला. ते म्हणाले, "बरोबर हाय ताई तुमचं. पर ह्यात फॅट दिसत न्हाय. आमचं बिल फॅटवर." ते खोटं बोलत नव्हते. त्या दहा दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत. मी निघताना त्यांनीच विचारलं, मग आमचं नमुना काढायचं माप दोन्हीकडं एकच हाय, ते चालतंय का? मी नाही म्हटलं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिथं दोन मापं टांगलेली होती, म्हशीच्या मापाच्या दांड्याला तांबडी चिंधी बांधलेली.

आईनंही दुसरं फडकं केलंय, जुन्या इरकलीच्या पदराचं, काठ असलेलं म्हशीचं. आणि तो फोटो आप्पांनी फडताळात ठेवलाय, त्या बिलावर.